एक साईज वर

वसईतल्या वटारच्या नाक्यावरच्या टायरच्या दुकानात शिरणारा पुरुष पहिला प्रश्न एकच विचारतो, "पप्पा कुठायत?" समोर रोवेना उभी असते, हातात पाना असतो, कपाळावर काळा पट्टा उमटलेला असतो, तरी विचारतो. सत्तावीस वर्षांची बाई, ऑटोमोबाईलचा डिप्लोमा, बाराव्या वर्षापासून टायर उतरवते-चढवते आणि ऑगस्टीनपप्पांच्या कंबरेनं दगा दिल्यापासून दोन वर्षं दुकान एकटी ओढते. तरी यांना पप्पाच हवेत. टायर बसवायला जणू मिशी लागते!

म्हणून त्या मंगळवारी जे झालं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं. श्रावणाची एक सर नुकती येऊन गेली होती. तिच्या मागोमाग एक राखाडी गाडी लंगडत दुकानापुढे थांबली. आतून उतरलेला माणूस छत्री न उघडताच धावत आला, इकडेतिकडे न बघता थेट रोवेनासमोर उभा राहिला आणि म्हणाला,

"हा वाचेल का हो?"

पप्पा नाही, भैया नाही. थेट तिलाच.

रोवेना पुढच्या डाव्या टायरपाशी उकिडवी बसली. बाजूची भिंत बोटभर फाटली होती.

"याच्या मातीला आता फादरच बोलवा," ती म्हणाली.

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल आत ओढला जायचा... रोवेनानं ते पाहिलं, आणि आपण पाहिलं याचा तिला रागच आला. तिनं मान खाली घातली आणि टायरवरचा आकडा वाचायला लागली.

"उजवा डोळा बारीक केलात तुम्ही," तो म्हणाला.

"मग?"

"कधीपासून करता?"

"जन्मापासून. तुम्ही कोण, डोळ्यांचे डॉक्टर?"

"डॉक्टर नाही. चष्म्याचे नंबर काढतो. विरारला राहतो. सुमेध नाव माझं. तुम्हाला त्या डोळ्याला अर्धा नंबर तरी असणारच."

"मीही नंबरच काढते," रोवेना उठत म्हणाली. "दोनशे पंधरा, साठ, सतरा. टायर दोनशे पंधरा मिलिमीटर रुंद, भिंत त्याच्या साठ टक्के उंच, रिम सतरा इंची. वाचायला लागला का मला चष्मा?"

"नाही लागला. पण कपाळाला आठी पडली. छान दिसते, तरी... पडू नये."

असं बोलतं का कोणी टायरच्या दुकानात? रोवेनानं उगाच एक पाना उचलला आणि परत ठेवला.

मग तो बोलत राहिला. गुरुवारी जव्हारकडच्या एका शाळेत शिबिर आहे. एक्केचाळीस मुलांचे चष्मे तयार होऊन आलेत. सकाळी सातला शिरसाड फाट्यावरून हायवेला लागायचं. चहा बिनसाखरेचा चालतो. बोलताना तो भिजलेली बाही हळूहळू कोपरापर्यंत दुमडत होता, आणि रोवेना बघत होती. त्याच्या मनगटाकडे, कानाच्या पाळीवर अडकलेल्या थेंबाकडे. तो थेंब काही केल्या पडत नव्हता.

त्या मापाचे टायर दुकानात नव्हते. पण आमच्याकडे त्यावर ठरलेला तोडगा आहे – एक साईज वर. वसई-विरारचे रस्ते म्हणजे नुसते खड्डे. पावसाळ्यात रस्ता कुठला आणि डबकं कुठलं ते कळत नाही, आणि निवडून दिलेल्यांना त्याची लाज नाही. म्हणून जो येतो तो थोडा मोठा टायर मागतो, गाडी इंचभर उचललेली बरी म्हणतो. आणि टायर बदलायचे ते जोडीनं, दोन नवे पुढे. बत्तीस वर्षं या दुकानात हेच चालत आलंय.

"दोनशे पंचवीस, साठ घालते. पुढे दोन," रोवेना म्हणाली.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

गाडी गेली. ओल्या रस्त्यावर तिचे माग पुसट होईस्तोवर रोवेना उभी होती.

बुधवारी दुपारी ती वॉरंटीचं कार्ड भरायला बसली. सुमेधनं आदल्या दिवशी आरसी बुकाचा फोटो पाठवला होता. गाडीचं पूर्ण नाव उतरवताना तिचा हात शेवटच्या तीन शब्दांवर थांबला. ऑल व्हील ड्राइव्ह.

आणि त्याच क्षणी त्याचं एक वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच आवाजात परत आलं. "त्या चढांना चारही चाकं ओढतात, म्हणून तर ही गाडी घेतली." सांगितलं होतं त्यानं! तोंडावर सांगितलं होतं. तिला शिरसाड आठवत होतं, सात आठवत होते, एक्केचाळीस चष्मे, बिनसाखरेचा चहा – सगळं पाठ होतं. नेमकं तेवढंच वाक्य कानावरून गेलं होतं.

साध्या गाडीला पुढे मोठे, मागे छोटे टायर असले तरी फारसं बिघडत नाही. पण जिची चारही चाकं एकत्र ओढतात, तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये एक सांधा असतो. चारही टायर सारखे फिरले तर तो सुखात. फरक पडला की तो बिचारा मध्येच घासतो, तापतो, आणि जळतो. हे तिनं डिप्लोमाच्या परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं.

तरी आशा मेली नव्हती. तिनं सुमेधच्या गाडीचा उतरवलेला जुना टायर ढिगातून ओढला, त्याच्या शेजारी एक साईज वरचा नवा उभा केला, दोघांना खडूची रेघ मारली आणि दुकानाच्या लादीवर एकेक पूर्ण फेरा फिरवला. पप्पांनी लहानपणी शिकवलेली मोजायची रीत. जुना झिजलेला, नवा वाढीव. दोन रेघांच्या मध्ये तिची चार बोटं आरामात बसली.

एका फेऱ्याला चार बोटं. किलोमीटरला तीस मीटर. आणि जव्हारचा घाट, पाऊस, गाडीत तो एकटा... मधला सांधा आखडला आणि वळणावर चाकं अडकली तर?

तिनं फोन लावला. बंद. मेसेज टाकला. एकच बरोबरची खूण. परत लावला. बंद.

ऑगस्टीनपप्पा कंबरेला पट्टा बांधून खुर्चीत बसले होते. ते लादीवरच्या रेघा बघत होते.

"चालते ना त्याची गाडी?" ते म्हणाले.

"आज चालते."

"मग गप्प बस, बाय. बत्तीस वर्षांत इथून गेलेला टायर परत आलेला नाही. उद्या लोक म्हणतील, ऑगस्टीननं पोरीच्या हाती दुकान दिलं आणि बुडवलं."

"आणि तो घाटात अडकला तर काय म्हणतील?"

"ते त्याला म्हणतील. आपल्याला कोण विचारतो?" पप्पांनी पट्टा सैल केला. "नाव काय त्याचं?"

"सुमेध."

पप्पांनी मान वळवली. त्या मान वळवण्यात काय काय होतं ते रोवेनाला पाठ होतं – आपली पारिश, आपली माणसं, चर्चमधली रविवारची मिस्सा, कोण काय बोलेल. वसई पूर्वेच्या डीलरकडून मूळ मापाचे चार टायर तिनं संध्याकाळी उचलले आणि दुकानाच्या टेम्पोत टाकले.

गुरुवारी पावणेसातला ती टेम्पो घेऊन शिरसाड फाट्यावर उभी होती. भुरभुर चालू होती. विरारकडून येणारी प्रत्येक राखाडी गाडी तिच्या छातीत धडकून पुढे जात होती. ही नाही... हीही नाही. सात वाजले. सात वाजून पाच मिनिटं झाली. लवकर गेला असेल तर? आत्ता मनोरला पोचला असेल तर? तो ओळखेल तरी का, नाक्यावर छत्रीखाली उभ्या राहिलेल्या या वेड्या बाईला? आणि ओळखून थांबलाच, तर त्याला सांगायचं काय? स्टॉकमध्ये घोटाळा झाला म्हणून सांगावं. कंपनीनं टायर परत मागवलेत म्हणावं. खोटं बोलायला शंभर वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेवर तिची अब्रू शाबूत होती.

सात दहाला ती गाडी दिसली. छत्री टाकून रोवेना हात हलवत सरळ रस्त्यात उतरली. मागच्या ट्रकवाल्यानं शिवी हासडली. सुमेधनं करकचून ब्रेक मारला, काच खाली केली.

"अहो, मराल ना! काय झालं?"

"उतरा आधी. गाडी पुढे न्यायची नाही."

"पण मुलं वाट बघतायत –"

"एक तास द्या. पाया पडते."

फाट्याला लागूनच आत्मारामचं दुकान होतं. टायर रिमवर चढवायचं मशीन त्याच्याकडे होतं, आणि पप्पांचा बत्तीस वर्षांचा वैरीही तोच. त्याच्या दारात पाय ठेवणं म्हणजे काय, हे रोवेना जाणून होती. बाकड्यावर तीन ड्रायव्हर चहा पीत बसले होते.

"आत्मारामकाका, तासभर मशीन द्याल?"

"कोन, ऑगस्टीनची पोर?" आत्मारामनं टेम्पोतल्या टायरांकडे पाहिलं, मग गाडीच्या पुढच्या चाकांकडे. बत्तीस वर्षांचा धंदा, त्याला सांगावं लागलं नाही. "आयला! चार चाकं ओढनाऱ्या गाडीला पुढे वाढीव माप? हे तुझ्या बापानं केलं?"

बाकड्यावरचे तिघं हसले. रोवेनाच्या कानशिलांतून आग निघाली. पप्पांवर ढकलायलाही आता वाट होती.

"मी केलं," ती म्हणाली. मग सुमेधकडे वळली. "चूक माझी आहे. चारही टायर एका मापाचे लागतात. नाहीतर मधला सांधा जळतो. घाटात गाडी अडकली असती. तुम्ही मला सांगितलं होतं की चारही चाकं ओढतात..."

"हो, सांगितलं होतं."

"मी ऐकलं नाही."

"इतका आवाज होता का दुकानात?"

"आवाज नव्हता." समोर ओळखीचा शत्रू, अनोळखी तिघं आणि हा... म्हणेनात का काय म्हणायचं ते! "तुम्ही बाही दुमडत होतात. मी बघत होते. त्या वेळी तुम्ही काय बोलत होतात, मला कळलंच नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाइकाचा शब्द माझ्या कानातून सुटत नाही. तुमचा सुटला."

बाकड्यावरचं हसू थांबलं. एकाचा चहाचा ग्लास ओठाशीच राहिला.

सुमेधनं खिशातून रुमाल काढला, तिच्या भिजलेल्या हातात दिला. आणि मान खाली घालून म्हणाला,

"गाडीबरोबर एक पुस्तक येतं. बारीक अक्षरातलं. कोणी वाचत नाही. मी वाचलंय. बारीक अक्षरं वाचणं हा माझा धंदाच आहे."

"मग?"

"त्यात लिहिलंय, चारही टायर एकाच मापाचे लावा. मला माहीत होतं."

रोवेना बघतच राहिली. "आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही दोनशे पंचवीस म्हणालात तेव्हा तुमच्या कपाळावर ती आठी होती... मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. घरी गेल्यावर आठवलं. फोन लावायला गेलो तर हातातून निसटून बादलीत पडला. आता तांदळात ठेवलाय. परवापासून झोप नाही मला. वाटलं, आता जाऊन चूक दाखवली तर तुम्हाला वाईट वाटेल."

"वाईट वाटेल म्हणून घाटात मरायला निघालात? अक्कल आहे का?"

"मंगळवारपासून कमी झालीये."

"ओ, झालं का तुमचं?" आत्माराम ओरडला. "चढवायची का चार चाकं, का मी दुकान बंद करून भटजी बोलावू?"

"तो नाही चालणार काका, फादर लागेल," एक ड्रायव्हर म्हणाला. रोवेनानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा संपवायला लागला.

चारही टायर तिनं स्वतः चढवले. आत्मारामला हात लावू दिला नाही. हवा मोजली, परत मोजली. खडूनं रेघ मारून एक फेरा फिरवला, चारही चाकांचा. रेघा जुळल्या तेव्हा कुठे तिच्या छातीतलं ओझं उतरलं. पण शेवटचे नट ती उगाच सावकाश आवळत राहिली, कारण आता तो जाणार होता.

"पन्नासेक किलोमीटर धावल्यावर हे नट पुन्हा आवळायचे असतात," ती खाली बघतच म्हणाली. "विसरू नका."

"तिथे कोण आवळणार?"

"विक्रमगडला कोणीतरी असेल."

"कोणीतरी नको," सुमेध म्हणाला. "संध्याकाळपर्यंत परत येतो आपण. चष्मे द्यायलाही एक माणूस कमीच आहे... याल?"

आपण. किती सहज म्हणाला! रोवेनानं टेम्पोकडे पाहिलं, आत्मारामकडे पाहिलं. तो फोन कानाला लावून दुकानाच्या मागे सटकत होता. ते मनोर गाठायच्या आत वसईभर बातमी झालेली असणार. होऊ दे. तिनं टेम्पो कडेला लावला आणि पप्पांना फोन केला.

"पप्पा, टेम्पो आत्मारामकाकांकडे आहे."

"त्या हलकटाकडे? आणि तू?"

"मी जव्हारला. नट आवळायला."

पावसाचा आवाज तेवढा येत होता, इकडचा आणि तिकडचा. रोवेनानं डोळे मिटले.

"पाना कुठला घेतलायस?" पप्पांनी विचारलं.

"साधाच. टेम्पोतला."

"सीटच्या मागे टॉर्कचा आहे, नट मापात आवळणारा. तो ने," पप्पा म्हणाले. "लोकांच्या पोराची गाडी आहे."