मिठावरची वाकडी पावले

“थांब! त्या पावलांवर पाय देऊ नकोस, विराट!”

हर्षिता एवढ्या जोराने ओरडली, की अकरा वर्षांचा विराट एक पाय उचलून तसाच उभा राहिला. लडाखच्या उंच वाळवंटातले मिठाचे मैदान समोर पसरले होते. इतके पांढरे, की काळ्या चष्म्याशिवाय डोळे उघडवत नव्हते. त्या कोऱ्या पापुद्र्यावरून पावलांची एक रांग तंबूंकडे गेली होती. पण सरळ नव्हे! चार पावले डावीकडे, तीन उजवीकडे आणि मध्येच एक भलतेच आडवे.

“रानगाढव असेल,” विराट म्हणाला.

“बूट घालणारं रानगाढव?” श्रीहर्षाने विचारले. “ग्रेट! तुमच्या बंगळूरच्या बनशंकरीत असतात का?”

“अय्यो, आमच्याकडे नाहीत,” विराट म्हणाला. “एचएसआर लेआउटमधून एक आलंय खरं!”

बंगळूरच्या मराठी मंडळाच्या आठ दिवसांच्या सहलीचा हा पाचवा दिवस. तेरा वर्षांची हर्षिता आणि तिचा चुलतभाऊ विराट यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे. श्रीहर्ष मात्र तीन वर्षांपूर्वी पुण्याहून तिथल्या एचएसआर लेआउटमध्ये राहायला आलेला. त्यामुळे त्याच्या इंग्रजीची ती दोघे आणि त्यांच्या ‘अय्यो’ची तो, अशी परस्परांची टर उडवण्यात पहिले चार दिवस मजेत गेले होते.

हर्षिता मात्र आता हसत नव्हती. ती वाकून ठसे निरखत होती. बुटाच्या तळव्यावर बारीक पाकळ्यांची नक्षी होती. हे बूट जे. पी. नगरातल्या दुकानात आत्यासाठी तिनेच तर निवडले होते!

“ही आत्या आहे,” ती हळूच म्हणाली.

पावलांच्या मागोमाग तिघे तंबूंच्या मागे पोहोचले. वसुमतीआत्या खुर्चीवर बसून बुटाची नाडी ओवत होती, आणि नाडीचे टोक दर वेळी भोकाच्या शेजारी जाऊन टेकत होते. ही तीच आत्या, जी अंगणातली भलीमोठी रांगोळी न अडखळता काढीत असे!

“आत्या, तुला बरं नाही?”

“काही नाही गं. स्वल्प डोकं दुखतंय. सकाळपासून मळमळतंय.” आत्याने तिचा हात धरला. “पण कुणाला सांगू नकोस, सरी? कळलं ना? माझ्यापायी बावीस जणांचा उद्याचा इथला सूर्योदय बुडायला नको.”

लेहमध्ये पहिल्याच दिवशी एका डॉक्टरीणबाईंनी सर्वांना बजावले होते, की डोके दुखत असताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका; तत्काळ खाली उतरा! मोठी माणसे तेव्हा फोटो काढण्यात दंग होती. मुलांनी मात्र ते कान देऊन ऐकले होते.

“माफ कर, आत्या,” ती म्हणाली, “पण हे मी सांगणार!”

मंडळाचे अध्यक्ष शेषगिरीअण्णा हे निवृत्त अभियंते. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि सहलीचे व्यवस्थापक गिरीराज यांना बोलावले. गिरीराज खो-खो हसले.

“खाली जायचं? अण्णा, आपण खालीच तर आलोय! कालचा नदीकाठ चहूकडून डोंगरात होता. आणि हे बघा, कसं सपाट मैदान! त्यांना दोन मिनिटं ऑक्सिजन देतो, सकाळी एकदम ठणठणीत.”

गाडीपाशी उभा असलेला नोर्बू मान हलवत पुढे आला. हा तिथलाच चालक. हिंदीत तो म्हणाला, की ही जागा नदीकाठाहून पुष्कळ उंच आहे. नदीकाठच्या गावात आरोग्यकेंद्र आहे. आत्ता निघालो, तर दोन तासांत उजेडातच पोहोचू.

“ऐकलंत?” गिरीराज म्हणाले. “त्याचं घर त्याच गावात आहे. स्वारीला घरी जायचंय!”

सगळे हसले. नोर्बू परत गाडीकडे वळला.

येताना रस्ता इतक्या वेळा चढला-उतरला होता, की खरे काय ते कोणालाच सांगता येईना. फोनला रेंज नव्हती, आणि उंची दाखवणारे ॲप कोणी आधी घेऊन ठेवले नव्हते.

“एक म्हणतो वर, दुसरा म्हणतो खाली,” अण्णा म्हणाले. “नुसत्या शब्दावर मी बावीस माणसं हलवणार नाही. मला पुरावा पाहिजे.”

पुरावा! हर्षिता मैदानाकडे पाहू लागली. ते खरोखरच सपाट होते. पण सपाट असणे वेगळे आणि खाली असणे वेगळे. टेबलही सपाटच असते की!

“विराट,” तिने एकदम विचारले, “तुझ्या पिशवीतून काय डोकावतंय?”

“बाटली. रिकामी.” विराटने ती पाठीमागे लपवली. “रिकामी म्हणजे… तिच्यात नदीकाठची हवा आहे. सकाळी बूच घट्ट लावलं. वर्गात दाखवायला नेतोय.”

“हवा नेतोय!” श्रीहर्ष फिस्सकन हसला, पण त्याने ती प्लॅस्टिकची बाटली दाबून पाहिली आणि त्याचे हसू थांबले. “हर्षिता, ही दगडासारखी टणक झालीय!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही डोक्यात एकाच क्षणी प्रकाश पडला होता!

पाच मिनिटांत पाण्याची बादली सर्वांच्या मधोमध आली.

“या बाटलीत सकाळची, नदीकाठची हवा आहे,” हर्षिता म्हणाली. “आपण खाली आलो असलो, तर इथली दाट हवा बाटलीला चेपेल. वर आलो असलो, तर इथली हवा विरळ. मग आतली हवा बाहेर धाव घेईल.”

“उन्हानं फुगली असेल!” गिरीराज फणकारले.

“सकाळी बूच कुठे लावलंस, विराट?” श्रीहर्षाने विचारले.

“स्वयंपाकाच्या तंबूत. चुलीशेजारी.”

“तिथे मस्त ऊब होती, आणि इथे गार वाऱ्यानं आपले दात वाजताहेत. थंडीनं हवा आकसते, काका. तरीही ही फुगलीय!”

“विराट, तुझी हवा जाईल हं,” हर्षिता हळूच म्हणाली.

विराटने एकदा आत्याकडे पाहिले. मग त्याने स्वतःच बाटली पाण्यात उलटी धरली आणि बूच किंचित सैल केले.

बुड्‌बुड्‌बुड्‌! बुडबुड्यांची माळच्या माळ उसळून वर आली!

कोणी हसले नाही. अण्णा उठले, नोर्बूसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. “तुम्ही खरं सांगत होतात. आम्ही ऐकलं नाही. चला, गाडी काढा.” मग ते मंडळींकडे वळले. “आणखी कुणाचं डोकं दुखतंय? खरं बोला!”

एक हात वर झाला. दुसरा झाला. अखेर तिसरा हात खुद्द गिरीराजांचा होता!

उजेड असतानाच तिन्ही गाड्या नदीकाठी पोहोचल्या. आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांनी आत्याला तपासून उपचार सुरू केले. “रात्र वर काढली असती, तर फार कठीण झालं असतं,” ते म्हणाले. गिरीराजांनी मान खाली घातली. “सपाट दिसलं आणि मी खाली समजलो,” एवढेच ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या नदीकाठच्या वाटेवरून चालत आली. तिघांनी श्वास रोखून तिची पावले पाहिली. एक, दोन, तीन… दहा! सगळी सरळ!

“तुमचा सूर्योदय मात्र बुडवला गं मी,” ती हर्षिताला म्हणाली.

“बुडेना का!” शेषगिरीअण्णा गरजले. “सूर्य बनशंकरीतही उगवतो, वसुमतीअक्का. तुम्ही तेवढ्या आमच्याबरोबर घरी चला. आणि या तिघांना सांगून ठेवतो: मी चाळीस वर्षं अभियंता होतो, पण काल पुरावा मागण्यापलीकडे मला काही सुचलं नाही. तो शोधलात तुम्ही! उरलेल्या तीन दिवसांत कुठे थांबायचं आणि किती थांबायचं, ते आधी या तिघांना आणि नोर्बूंना विचारायचं. कळलं, गिरीराज?”

“कळलं, अण्णा!”

“मग मी सांगतो,” विराट तत्परतेने म्हणाला. “आज आपण इथेच थांबायचं, आणि आत्यानं आम्हाला पत्त्यांत हरवायचं!”

“हरवीनच!” आत्या म्हणाली आणि स्थिर हातांनी पत्ते पिसू लागली.