ओकेला आलेला फोन

भुताखेतांवर विश्वास ठेवू नका. मीही ठेवत नाही. पण वीज येईपर्यंत उद्याच्या अंकाची पानं लागायची नाहीत आणि तुमच्या मोबाइलची बॅटरीही आता मान टाकतेय, तेव्हा ऐका. ज्याच्या बाबतीत घडलं तो तुमच्या ओळखीचा आहे. खाली छपाईच्या मशीनवर असतो. त्याला सगळे ओके म्हणतात.

हे नाव त्याला कामानं दिलं. मशीन सुरू झालं की पहिल्या प्रती दिव्याखाली धरायच्या, रंग एकमेकांवर नीट बसलेत का, शाई पसरली नाही ना, एवढं बघायचं आणि ओरडायचं, ओके. मजकूर वाचायचा नाही, तो त्याचा प्रांत नाही. एकदा महापौरांच्या फोटोखाली हरवलेल्या कुत्र्याची ओळ गेली होती, तरी हा पठ्ठ्या समाधानानं म्हणाला, ओके. रंग खरंच सुरेख आले होते.

हसा, हसून घ्या.

त्याला मुलगी झाली. बाजारामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याच्या, खाली घरमालकीणकाकू. बायको बँकेत काउंटरवर, चांगली बोलघेवडी. बाळंतपणानंतर तिचं बोलणं आटलं. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. उठून गॅस बघणार, पुन्हा उठून कडी बघणार. बाळाला आंघोळ घालायला घाबरायची. म्हणायची, माझ्या हातून काहीतरी होईल. सासूबाईंनी निकाल दिला, आम्ही पाच बाळंतपणं काढली, आम्हाला नव्हती ही थेरं. निकाल देऊन त्या थोरल्या मुलाकडे निघून गेल्या. येणारा-जाणारा बाळाचं वजन विचारायचा. डॉक्टरही बाळाचंच वजन करायचे. ज्या बाईनं ते जन्माला घातलं तिची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती.

आता दवाखान्याची एक पद्धत होती, आणि पद्धत चांगली होती. नर्स बाळंतिणीला अधूनमधून फोन करायची आणि ठरलेले प्रश्न विचारायची. झोप लागते का? सारखं रडू येतं का? आपण नसलेलं बरं, असं वाटतं का? उत्तरांवरून कळावं, हिला मदत हवी की नको. फक्त दवाखान्यात नंबर होता नवऱ्याचा. संध्याकाळचा फोन लागायचा मशीनवर, त्या धडधडाटात. आणि आपला ओके सांगायचा, सगळं ओके आहे. त्यानं बायकोकडेही पहिल्या प्रतीसारखंच बघितलं होतं. रंग ठीक दिसला. वाचलं कुठे?

माझं डोकं फिरतं ते इथे, भुतापाशी नाही. ज्याची बातमी त्यालाच विचारायचं, हे तुम्हाला इथे पहिल्या दिवशी शिकवतात. नाही विचारलं तर मी तुमचा कान धरतो. तिथे मात्र प्रश्न आईला, उत्तरं बापाची, आणि शेरा काय, तर प्रकृती उत्तम. नर्सनं कधी म्हटलं नाही, जरा तिला द्या. यानं कधी घरी सांगितलं नाही, तुझ्यासाठी फोन आला होता. यात दुष्ट कुणीच नव्हतं. म्हणून तर जास्त संताप येतो.

असो. ती रात्र पालिकेच्या निकालाची. मतमोजणी रेंगाळली, पहिलं पान अडकलं, मशीन थांबलेलं. ओके लाल शाईचा डबा आणायला तळघरातल्या गोदामात गेला. तिथे मोबाइलला रेंज नसते, तुम्हाला माहीतच आहे.

फोन वाजला.

बाईचा आवाज होता. शांत. दवाखान्यातून का, असं त्यानं विचारलं. ती सरळ प्रश्नांवर आली. झोप लागते का? लागते की. सारखं रडू येतं का? छे. एका हातानं तो डबा ओढत होता. आपण नसलेलं बरं, असं वाटतं का? नाही हो, सगळं ओके आहे.



मग ती म्हणाली, "तुम्हाला नाही विचारलं."

त्याचा हात थांबला.

"तिला द्या."

ती घरी आहे, तो म्हणाला.

"माहीत आहे. मी तिच्याजवळच बसलेय..."

मागे बाळ रडलं. त्याचं बाळ. बापाला कळतं.

"माझा हात फार वेळ पुरायचा नाही," ती म्हणाली. "या."

स्कूटर कशी चालवली, त्याला आठवत नाही.

गल्लीत दिवे होते. काकूंचं दार बंद. उंबऱ्यावर एक गाठोडं.

ते हललं.

बाळ होतं. दुपट्यात नीट गुंडाळलेलं. शेजारी दुधाची भरलेली बाटली. घडी घातलेले लंगोट. सकाळी काकूंनी दार उघडलं की दिसेल, असं ठेवलेलं. विचार करून...

त्यानं बाळ उचललं. हाक मारली. 

जिना चढू लागला. अंधार.

वळणावर ती बसली होती. पायात बाहेरच्या चपला. तोंड रस्त्याकडे. आणि डावा हात मागे... वरच्या पायरीकडे... उचललेला.

कुणीतरी मनगट धरून ठेवावं, तसा.

वरच्या पायरीवर कुणी नव्हतं.

"मला जायचं होतं," ती म्हणाली. "या बाई सोडत नाहीत."

कोण, असं त्याला विचारता आलं नाही. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. बाळ मांडीवर. 

मग त्यानं विचारलं, "तू कशी आहेस?"

आणि वाट बघितली.

"...बरी नाही."

तिचा हात खाली आला. सावकाश. कुणी अलगद सोडावा तसा.

त्याच रात्री तो तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्याला दाराबाहेर बसवलं आणि तिला विचारलं, फक्त तिला. आजार आहे हा, बाळंतपणात पुष्कळ जणींना होतो, आणि बरा होतो. औषधं, बोलणं, पुरेशी झोप. महिने लागले. बहीण येऊन राहिली. ओकेनं दिवसपाळी मागून घेतली, रात्रीचं बाळ त्याच्याकडे. सासूबाई परत आल्या, आधी गप्प, मग त्यांनीही बाळाची एक वेळ धरली.

नर्सनं सांगितलं, आम्ही संध्याकाळनंतर फोन करत नाही. काकूंनी मात्र उशिरा तोंड उघडलं. त्या खोल्यांत आधीही एक तान्हं बाळ होतं. त्याची आई जिवानिशी गेली. तिच्यासाठीही दवाखान्यातून फोन यायचे. नवरा घ्यायचा.

मग फोनवरची बाई तीच का, असं विचारू नका. मी बातमीदार आहे, मला जेवढं कळलं तेवढं सांगितलं.

ओकेची बायको आता परत काउंटरवर बसते. जाऊन बघा, पण नमस्कार करून, बाकी काही विचारू नका. उन्हाळ्यात तिचे दोन्ही हात रापतात. डाव्या मनगटावर तेवढी चार बोटं गोरी राहतात.

चार बोटं... आणि आतल्या बाजूला अंगठा.