रिकाम्या खुर्चीतला आवाज

बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्यातली खुर्ची दोघांनी एकदमच धरली आणि एकदमच सोडली. तुम्ही बसा, नाही तुम्हीच बसा, असं बराच वेळ चाललं. शेवटी तो बसला, कारण त्याला म्हणे पाठीमागं भिंत लागते. ती समोरच्या सोफ्याच्या अगदी कडेला टेकली, कधीही उठून पळता येईल अशी. नात्यांच्या गुंत्यात मदत करणाऱ्या समुपदेशकबाईंकडे ती पहिल्यांदाच आली होती, तीही ताई हात धुऊन मागे लागली म्हणून.

"तुमच्या बाहीला टाचण्या आहेत," तो म्हणाला. "लागतील कुणाला तरी."

"मी पुतळ्यांना कपडे घालते. दुकानाच्या काचेत उभे असतात ना... ते."

"ते तर भांडत नाहीत. मग इकडं कशाला?"

"ते बोलतही नाहीत," ती म्हणाली आणि आपल्याच उत्तरानं गोरीमोरी झाली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळायचं आणि संध्याकाळी बाईंसमोर बसायचं, दोन्हीकडे खाली बघायचं नाही, असं त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. तिला हसू आलं, आणि तेवढ्यात आतून तिला हाक आली.

आत तीन खुर्च्या होत्या. एक बाईंची, एक तिची, आणि एक रिकामी. ती रिकामी खुर्ची तिला मुळीच आवडली नाही. पुतळ्यांमध्ये वावरणारी ती, निर्जीव वस्तूंना भिणारी नव्हे, पण या खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी... किंवा उठलेलंच नसल्यासारखी.

बाईंनी सुरुवातीलाच सगळं साफ सांगून टाकलं. कुणाशी जमवा, कुणाला सोडा, हे त्या सांगणार नव्हत्या. इथलं बोलणं त्या कुणाला सांगणार नव्हत्या. काही दिवस तिला इथून जाताना येतानापेक्षा जड वाटेल, तेव्हा घाबरून यायचं थांबवू नये. मग त्यांनी विचारलं, घरी कुणी रागावलं की काय व्हायचं, आणि अबोला आधी कोण सोडायचं? ती आली होती तिला सोडून गेलेल्याबद्दल बोलायला आणि बोलत बसली आईबाबांबद्दल.

त्याच्याबद्दलचं बोलणं शेवटी आलं. तो भांडून गेला नव्हता. तो नुसता गप्प झाला होता. ती रोज फोनवर लिहायची, "आहेस का?" आणि उत्तर यायचंच नाही. तेव्हापासून तिनं कुणालाच काही विचारलं नव्हतं. कुणी जरा जवळ यायला लागलं की ती आपणच दार लावून घ्यायची. असंच राहिलं तर जन्मभर पुतळ्यांशीच गप्पा माराव्या लागतील, ही धास्ती तिला आतून पोखरत होती.

पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, त्याला विचारायचं राहिलेलं या खुर्चीला विचारा. मी जरा पलीकडच्या खोलीत थांबते.

दार लागलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि खोलीत संध्याकाळ उतरली होती. तिला स्वतःची लाज वाटत होती. घसा खाकरून ती अगदी हळू म्हणाली, "आहेस का?"

"आहे," खुर्ची म्हणाली.

आवाज पुरुषाचा होता, खोल विहिरीतून यावा तसा. पण सोडून गेलेल्याचा नव्हता. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. कोपऱ्यातल्या लिफ्टवाल्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण त्याला आत बोलावणं आलं.

बाईंना ती काही बोलली नाही. वेड लागलंय म्हणतील, ही भीती. पण खरी गंमत अशी की आठवडाभर ती त्या एका शब्दावर तरंगत होती. ताईनं चिमटा काढला, स्वारी खुशीत दिसतेय, कोण आहे? खुर्ची, असं सांगणार कसं?

त्या पुढच्या खेपेला बाहेर कुणीच नव्हतं. कोपराही रिकामा होता, आणि तो रिकामा बघून आपल्याला एवढं वाईट का वाटावं हे तिला कळेना. आत बाई उठून गेल्यावर तिनं पुन्हा विचारलं. उत्तर आलं, आणि या वेळी जरा जवळून.

"आहे."

नंतरच्या खेपेला ती लवकर पोचली. आज त्याची वेळ आधी होती, तो आत होता. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली, त्याची म्हणून. तिच्या गुडघ्याशी भिंतीत हवेसाठी बसवलेली जुनी जाळी होती, आणि जाळीतून त्याचा आवाज येत होता.

हे ऐकू नये, उठावं, असं तिला वाटलं. पण ती बसूनच राहिली.

"मला जी सोडून गेली, ती म्हणायची की तू नुसती उत्तरं देतोस, स्वतःहून कधी काही विचारत नाहीस," तो रिकाम्या खुर्चीला सांगत होता. "आज विचारतो. आहे का कुणी?"

मग ती जाळीपाशी वाकली.

"आहे," ती म्हणाली.

आत काहीतरी धाडकन पडलं. बाहेर आला तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला होता.

"माफ करा. पोकळीत वरून आवाज आला की आम्ही उत्तर देतोच. नाही दिलं तर खाली माणूस नाही असं समजून लिफ्ट सोडतात. त्या दिवशी जाळीतून तुमचा आवाज आला आणि... तोंडातून निघूनच गेलं."

"दोन्ही वेळा?"

"एकदाच. नंतरच्या आठवड्यात मी कामावर अडकलो होतो. आलोच नव्हतो."

दोघंही जाळीकडे बघत राहिली. आत अंधार होता आणि गार वारा येत होता. जाळीचं बाईंना दोघांनी तिथंच सांगून टाकलं. दुसऱ्या उत्तराचा विषय मात्र कुणीच काढला नाही.

बाईंसमोर बसायचं बळ तिच्यात त्या दिवशी नव्हतं. पुढची वेळ ठरवून ती निघाली, आणि तोही. जिन्यानं, कारण काम संपल्यावर तो लिफ्टचं तोंड बघत नाही. मधल्या वळणावर दिवा गेलेला होता. त्याची पावलं पुढं थांबली आणि सगळं गप्प झालं. तीच ती जुनी शांतता. दार लावून घ्यायची सवय तिच्या घशापर्यंत आली. ती तिनं गिळली.

"आहेस का?" जिवंत माणसाला तिनं किती दिवसांनी विचारलं.

"आहे," तो खालच्या पायरीवरून म्हणाला आणि अंधारात हात पुढं केला. तिनं तो धरला.

"आहे," वरून, बाईंच्या दाराच्या बाजूनं, कुणीतरी हळूच म्हणालं.

उरलेला जिना दोघं जवळजवळ धावतच उतरली. खाली पोचल्यावर दोघांनाही हसू आवरेना, पण हात कुणीच सोडला नाही.