भिंत रंगवायची आहे

दुकानात उभं राहून कुणी सँडपेपर गालावर घासून बघतं का? मास्तरीण बघत होती. डोळे मिटून, अगदी तल्लीन होऊन. आधी खरखरीत, मग जरा बारीक, मग अगदीच मऊ... आणि डोळे उघडते तर समोर रंगवाला! काउंटरवर कोपरं टेकून गालातल्या गालात हसत उभा.

"आम्ही तो लाकडाला लावतो," तो म्हणाला. "चेहऱ्यासाठी समोर मेडिकलमध्ये क्रीम मिळतं."

ती कानापर्यंत लाल झाली. खरं सांगून टाकायला काय हरकत होती? घरी आठ वर्षांची लेक आहे, सँडपेपरची अक्षरं कापून दिली की ती बोटाने गिरवते आणि तेव्हाच तिच्या डोक्यात शिरतात, एवढंच तर होतं. पण जिभेवर दुसरंच आलं.

"भिंत... भिंत रंगवायची आहे."

"कुठला रंग?"

"निळा," ती म्हणाली आणि खोटं बोलून मोकळी झाली.

मग त्या भिंतीला अंतच राहिला नाही. स्पंज न्यायला ती आली, ब्रश न्यायला आली, एकदा तर जाडजूड दोर न्यायला आली.

"भिंतीला दोर?"

"उंच आहे भिंत."

"बाप रे! मग बघायलाच हवी एकदा," तो दोर मोजता मोजता म्हणाला, आणि त्याची नजर दोरावरून उठून तिच्यावर जरा जास्तच वेळ थांबली. ती नजर घेऊन ती अख्खा रस्ता चालत घरी आली.

दोर होता झोक्यासाठी. मास्तरीण पूर्वी खऱ्याखुऱ्या शाळेत शिकवायची, आणि लेक त्याच शाळेत जायची. घंटा झाली की लेक कान दाबून किंचाळे, नाहीतर उठून वर्गात गोल गोल फिरत राही. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. शाळेने हात टेकले, पाठोपाठ भिंगरीच्या बापाने टेकले. "मला हे झेपणार नाही," म्हणाला आणि गेला. तेव्हा नोकरी सोडून तिने घरातच शाळा मांडली. सोबतीला तिची स्वतःची आत्या आली, आणि 'मास्तरीण' हे नाव तिनेच चिडवायला ठेवलं.

उड्या, झोके, चाचपडणं हे मधल्या सुट्टीत नको, धड्यातच मिसळा, असं थेरपीवाल्या ताईंनी सांगितलं होतं. म्हणून आधी गादीवर उड्या, मग बेरजा. सुक्या वाटाण्यांच्या टबात हात घालून अक्षरं शोधायची. गोष्ट वाचण्याआधी दोन उशांमध्ये घट्ट दाबून घ्यायचं. पाढे झोक्यावर. आणि पाढे संपले की ठरलेला खेळ. "भिंगरी कुणाची?" मास्तरीण विचारी. "आईची!" असं उत्तर आलं की मोठ्ठा झोका.

घरात तिला कशाचीच लाज नव्हती. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की लोकांच्या नजरा आठवत, तो गेलेला माणूस आठवे, आणि ती लेकीबद्दल चकार शब्द काढत नसे. रंगवाल्याच्या दुकानात ती फक्त एक बाई होती, जिला भिंत रंगवायची होती. तेवढंच असणं तिला फार आवडू लागलं होतं.

"रविवारी दुकान बंद असतं," एकदा तो म्हणाला. "येऊ का भिंत बघायला?"

"या ना," ती म्हणाली, आणि मग आठवलं, घरात निळी भिंतच नाही.

दुसऱ्याच एका दुकानातून तिने लपतछपत निळ्या रंगाचा डबा आणला. रविवारी आत्याने भिंगरीला बागेत नेलं. तेवढ्यात तिने झोका उतरवला, वाटाण्यांचा टब पलंगाखाली ढकलला, अक्षरं कपाटात कोंबली आणि भराभर भिंत रंगवून काढली.

आत्या परतली आणि दारातच थबकली. "अगं, पाहुणा भिंत बघायला येतोय की तुला? आणि पोरीची खोली कशाला उपटलीस?"

भिंगरीने वास घेतला, नाक दाबलं, रिकाम्या हुकाकडे पाहिलं, ओल्या भिंतीवर हात आपटले आणि किंचाळायला लागली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात रंगवाला, इस्त्रीचा शर्ट घालून. आतल्या आवाजाने त्याचं हसू मावळलं. "कोण रडतंय?"

"शेजारची..." मास्तरीण म्हणाली. "शेजारची मुलगी आहे."

आणि मागून भिंगरी एका हाताने नाक दाबून धावत आली. तिने आईच्या कमरेला मिठी मारली, पोटात डोकं खुपसलं. तिच्या निळ्या हातांचे ठसे आईच्या कपड्यांवर उमटले. आता लपवायला काही उरलं नव्हतं. रंगवाल्याने दोघींकडे पाहिलं, एक पाऊल मागे सरकला. "मी... नंतर येतो," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

झोका त्याच संध्याकाळी बाहेरच्या खोलीत कसाबसा बांधला. पाढे झाले. तिने विचारलं, "भिंगरी कुणाची?"

"शेजारची," भिंगरी शांतपणे म्हणाली.

भिंगरीला रागावता येत नव्हतं, टोमणा मारता येत नव्हता. ऐकलेलं ती जसंच्या तसं परत देई. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मास्तरीण स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. रंगवाला गेला त्याचं दुःख होतंच, पण स्वतःच्या तोंडून निघालेल्या त्या शब्दाने ती मेल्याहून मेल्यासारखी झाली होती.

शेवटी तिने भिंगरीच्या कानांवर जाड हेडफोन चढवले आणि तिला घेऊन थेट दुकान गाठलं. भिंगरी डब्याचं झाकण जमिनीवर फिरवत बसली. एक गिऱ्हाईक कुजबुजलं, "काय झालंय हिला?"

"काही झालेलं नाही," मास्तरीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. भिंगरीने एका कानावरचा हेडफोन सरकवला तशी ती पुढे म्हणाली, "ही माझी मुलगी आहे. त्या दिवशी मी खोटं बोलले."

गिऱ्हाईक निघून गेलं. रंगवाला मात्र काउंटरमागून हलला नाही.

"जवळही येणार नाही का?" तिने विचारलं.

"कसा येऊ? अंगाला थिनरचा वास मारतोय. त्या दिवशी तिने नाक दाबलेलं पाहिलं, म्हणून तर निघालो."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग परत यायचा मलाच धीर होईना."

"आणि भिंतीचं खोटं?"

"मॅडम, इतके महिने रंगाच्या दुकानात येऊन एकदाही रंग न घेणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलेलं नाही. भिंत नाही, हे कधीच कळलं होतं."

"मग आलात कशाला?"

"भिंत बघायला नव्हतो आलो," तो म्हणाला आणि उगाच ब्रश नीट लावत बसला.

तिचे डोळे भरले. "मला तिची लाज वाटली हो, तुम्ही येणार म्हणून तिचा झोकासुद्धा उतरवला. आता माझी मलाच लाज वाटते."

"वाटू दे थोडे दिवस," तो हळूच म्हणाला. "पण आधी झोका जागेवर टांगू."

पुढच्या रविवारी तो आला तो बिनवासाच्या साबणाने घासून घासून आंघोळ करून. दारातच थांबून त्याने हात पुढे केला. भिंगरीने मनगटापासून कोपरापर्यंत हुंगून पाहिलं, बराच वेळ विचार केला आणि बाजूला होऊन त्याला आत येऊ दिलं. भिंत निळीच होती, वास गेला होता. त्याने हुक घट्ट केला, झोका टांगला. पाढे झाले.

"भिंगरी... कुणाची?" मास्तरणीने विचारलं.

झोका एकदा गेला, आला. पुन्हा गेला.

"आईची."

ती झोक्याचा दोर धरून उभीच राहिली, झोका द्यायचंही विसरली. आत्या कसली गप्प बसतेय! तिने रंगवाल्याकडे बोट दाखवलं. "आणि हे गं कुणाचे?"

भिंगरीने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"आईचे," ती म्हणाली. "झोका दे."

रंगवाल्याने मास्तरणीकडे पाहिलं. "पोरगी खोटं बोलत नाही म्हणे?"

"नाही बोलत," मास्तरीण म्हणाली. ती पुन्हा कानापर्यंत लाल झाली होती, पण या वेळी तिने काहीच लपवलं नाही. मग दोघांनी मिळून भिंगरीला मोठ्ठा झोका दिला.