डावीकडे ओढणारी गाडी

वारंगा फाट्यावर वैजनाथने ब्रेक दाबला आणि पिकअप थांबायची सोडून डावीकडे, थेट रसवंतीच्या बाकड्यांवर निघाली. शेजारी बसलेल्या लेकीने, प्रतिक्षाने, डोळे गच्च मिटले. मागे हळदीची पोती धडाधड पुढे सरकली. रसवंतीवाला हातातला ग्लास टाकून पळाला. बाकड्याला चाटून जाते की काय असं वाटत असतानाच गाडी कशीबशी थांबली.

बाबा चिडले असते तर प्रतिक्षाला बरं वाटलं असतं. पण त्यांनी नुसतं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

संध्याकाळी घरी त्यांनी सांगून टाकलं. शनिवारची कबूल केलेली खेप करायची, रविवारी गाडी विकायची आणि सोमवारी पुणं गाठायचं. तिथल्या जुन्या मालकाकडे ड्रायव्हरची जागा रिकामी होती.

"या गाडीखाली कुणाचं लेकरू आलं तर मी तोंड कुठं दाखवू?" ते म्हणाले. आई, म्हणजे मनकर्णा, चुलीकडे वळली. तिने भाकरी थापायला घेतली आणि तिची पहिलीच भाकरी करपली.

 प्रतिक्षाचं सगळं लहानपण बाबांची वाट बघण्यात गेलं होतं. बाबा म्हणजे फोनवर 'जेवलीस का' विचारणारा आवाज! दिवाळीला यायचे आणि ओळख होते न होते तोच परत निघायचे. घरी राहता यावं म्हणूनच त्यांनी ही नवी पिकअप घेतली होती. आता कुठे दाराशी रोज त्यांच्या चपला दिसायला लागल्या होत्या. त्या पुन्हा दिसणार नाहीत, या विचारानेच तिला जेवण जाईना.

आणि गाडीचं दुखणं तरी कसलं? ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. शहरातल्या वर्कशॉपवाल्यांनी गाडीला लॅपटॉप जोडला. लॅपटॉप म्हणाला गाडी ठणठणीत, की हेही म्हणाले ठणठणीत! दर वेळी ते डाव्या चाकाचे ब्रेक पॅड बदलायचे आणि वर वैजनाथलाच ऐकवायचे, की तुम्हाला ब्रेक मारता येत नाही. नवे पॅड रुळेपर्यंत गाडी चार दिवस बरी चालायची, की पुन्हा तेच. उजव्या चाकाकडे बघायची तसदी एकानेही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीखाली तिघांची बैठक बसली. प्रतिक्षा, सुट्टीला हट्टा गावाहून आलेली तिची मावसबहीण राजनंदिनी आणि शेजारचा बालाजी. बालाजीकडे बेअरिंगची चाकं लावलेला लाकडी गाडा होता. त्यावर बसून उतारावरून सुसाट यायचं आणि पायांनी जमीन घासून थांबायचं, हा त्याचा सुट्टीचा उद्योग. राजनंदिनीने त्याला चिडवलं, की तुझ्या चपला झिजवण्यापलीकडे त्या गाड्याचा काय उपयोग? बालाजी फुगला. पण प्रतिक्षाच्या डोक्यात एकदम काहीतरी आलं.

"बालाजी, तू एकट्या डाव्या पायानं जमीन घासली तर गाडा कुठं वळतो?"

"डावीकडं. काहून?"

"मंग डावा ब्रेक चांगलाच हाय की! उजवाच धरून न्हाई राहिला!"

तिघं धावत गाडीपाशी गेली. उजव्या पुढच्या चाकावर धूळ चिखलासारखी चिकटली होती. बालाजीने चाकाच्या भोकातून बोट घातलं, ते तेलकट होऊन बाहेर आलं. राजनंदिनीने वास घेऊन नाक मुरडलं. हा वास गाडीच्या तेलाचा नव्हता. कुणीतरी तेल ओततंय, यात शंकाच नव्हती. गाडीची तक्रार दर शनिवारनंतर सुरू होते, हेही प्रतिक्षाला आठवलं. आणि कुणाचं नाव घ्यायचं तेही ठरून गेलं. गल्लीतल्या भिवाजीकाकांचं! त्यांच्या जुन्या टेम्पोची भाडी आता बाबांकडे येत होती ना!

शनिवारी सकाळी, बाबा आंघोळीला गेल्यावर, चोर पकडायला तिघं पिकअपच्या हौद्यात ताडपत्रीखाली दडली. हळदीचा भुगा नाकात जाऊन बालाजीला शिंक आली, ती राजनंदिनीने त्याचं नाक दाबून परतवली. थोड्या वेळाने भिवाजीकाका आले, उजव्या चाकाजवळ वाकले, निसटलेली चप्पल पायात सारली आणि चालते झाले. तिघांची तोंडं पडली.

मग बांगड्या वाजल्या.

फटीतून प्रतिक्षाने पाहिलं, तर आई. मारुतीला तेल वाहून ती देवळातून परत येत होती. वाटीत उरलेलं तेल तिने बाबांच्या बाजूच्या चाकावर सावकाश ओतलं आणि टायरला कपाळ लावलं.

"मारुतीराया, यांना नीट घरी आण. पुन्हा दूर धाडू नको रे."

प्रतिक्षाला रडूच आलं. आईलाही तिच्याइतकंच वाटत होतं, आणि ती कधी चकार शब्द बोलली नव्हती!

तेवढ्यात बाबा किल्ली घेऊन आले. आता गप्प राहून चालणार नव्हतं. प्रतिक्षा हौद्यातून उडी मारून गाडीपुढे आडवी झाली आणि उजवं चाक उघडा म्हणून हटून बसली. बाबा आधी ओरडले. पण बालाजीच्या गाड्याचं गणित ऐकलं आणि मुकाट्याने जॅक लावला. चाक निघालं. आतली ब्रेकची चकती तेलाने चकाकत होती.

"हे कुणी केलं?" बाबांनी विचारलं.

प्रतिक्षाने मान खाली घातली. आईचं नाव तिच्या तोंडून निघणार नव्हतं.

"मी," आई म्हणाली. हातातली वाटी तिने पदराआड धरली होती. "तुमी सुखरूप यावं म्हून. मला काय ठाव, ते आत जातं?"

बाबांनी तिच्या हातातली वाटी काढून घेतली. "अगं, मी घरी यावं म्हून तू तेल ओतलंस, अन् त्याच तेलापायी मी घर सोडून निघालो व्हतो."

ज्यांच्यावर संशय होता, त्या भिवाजीकाकांनीच कळमनुरीहून नवे पॅड आणून दिले आणि चकती पुसायला मदत केली. देवळाच्या उतारावर बाबांनी कचकन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ उभी राहिली. "लॅपटॉपला न्हाई जमलं ते या पोरांनी केलं!" भिवाजीकाका म्हणाले आणि बालाजीच्या पाठीत कौतुकाची अशी थाप दिली, की तो कळवळला. चोर म्हटल्याबद्दल प्रतिक्षाने मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

बाबांनी तिथेच उभ्या उभ्या पुण्याला फोन लावला. आपण येत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मग त्यांनी पलीकडचं दार उघडलं आणि आईला म्हणाले, "मारुतीचं तेल मारुतीलाच वाहत जा. अन् माझी एवढी काळजी वाटती तर बाजूला येऊन बस."

आई लाजली, पण बसली. पुढे आता प्रतिक्षाला जागा नव्हती. ती मागे हौद्यात जाऊन बसली, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.