न उगवणारी बुरशी

"दोन्ही बशा कोऱ्या," भाच्याने फाइल टेबलावर टाकली. "मावशी, डोकं फुटायची वेळ आलीय."

मावशी छातीच्या रोगांची डॉक्टर. निवृत्त झाली, तरी अडलेल्या केसेस तिच्याचकडे यायच्या. भाचा कर्करोगाच्या वॉर्डात होता. त्याचा रोगी पियानो दुरुस्त करणारा. रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती पार आटली होती आणि फुप्फुसातला डाग वाढत होता. नेहमीच्या बुरशीवरचं औषध चालू असूनही ताप हटत नव्हता. सुईने काढलेल्या डागाच्या तुकड्यातून प्रयोगशाळेच्या दोन्ही बशांत काही उगवलं नव्हतं.

"वॉर्डाचे साहेब म्हणतात, कर्करोगच पसरलाय. उद्यापासून त्यावरचा जालीम डोस."

"आणि बुरशीच निघाली तर?"

"तर त्या डोसाने माणूस हातचा जाईल."

दोघं वॉर्डात गेली, तेव्हा रोग्याची थोरली बहीण त्याच्या उशाशी बसली होती. बुरशीवरच्या गोळ्या चुकतात का, असं मावशीने विचारताच ती उसळली. "समोर उभी राहून गिळायला लावते मी. घड्याळ चुकेल, मी नाही."

"हिच्याशी कोण वाद घालणार," रोगी पुटपुटला.

मावशीने स्कॅन उजेडात धरला. डागाच्या मध्यभागी फिकट, भोवती दाट पांढरं कडं. तो खाली ठेवून ती थेट प्रयोगशाळेकडे निघाली. भाचा चरफडत मागोमाग गेला.

प्रयोगशाळेतला माणूस मात्र खुशीत होता. "तुकडा अगदी बारीक वाटून मगच बशीत घालतो, बाई. गुठळी राहू देत नाही. आमच्याकडे हयगय नसते."

"न वाटलेला कण उरलाय?"

उरला होता. मावशीने तो तसाच काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. भाच्याने डोळा लावला. रुंद, रिबिनीसारखे धागे, जवळजवळ काटकोनात फुटलेले.

"ही दुसरीच जात," तो हळूच म्हणाला. "पण बशीत का आली नाही?"

"हिचे धागे फार नाजूक. वाटले की मरतात, मग उगवणार काय? गोळी एकही चुकली नाही, तरी डाग वाढला. म्हणजे त्या औषधाला न जुमानणारी बुरशी. आणि असं कडं दिसलं की आधी हिचाच संशय घ्यायचा."

"हे आठवड्यापूर्वी कळलं असतं तर..."

"तर कदाचित नुसत्या औषधावर भागलं असतं. आता डाग कापावा लागेल. जा, डोस थांबव."

साहेबांनी कुरकुरत सही केली. नवं औषध लागलं. भाच्याने रोग्याच्या बहिणीला सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "ताई, तुम्ही गोळी चुकवली नाहीत, म्हणून तर कळलं."

"चुकीचीच गोळी ना ती?" तिने पदराने कपाळ पुसलं. "कौतुक राहू द्या. ऑपरेशन किती वाजता, ते सांगा."