गार वाळूला पाणी

टक्.

घर अजून झोपेत होतं. आवाज स्वयंपाकघरातून आला. मागच्या दाराशेजारी, चहाच्या गाळण्याखाली एक पांढरी डबी टांगलेली होती, तिच्यातून. टक् झालं आणि अंगणापलीकडे, सुरूच्या झाडांखाली, पंप घरघरू लागला.

शाल्मली उशी कवटाळूनच दारात आली. नऊ वर्षांची, अर्धे केस तोंडावर.

"आई, पंप आत्ता कशाला चालू झाला? वाळू तर गार आहे."

तिची आई कृतिका चहा गाळत होती. तिचा हात थांबला. प्रश्न सोपा होता, आणि डबी बसवल्यापासूनच्या चार दिवसांत घरातल्या एकाही मोठ्या माणसाला तो पडला नव्हता.

कृतिका समुद्री कासवांचा अभ्यास करायची. गावच्या कासव केंद्राची जबाबदारी तिच्यावर होती. पूर्वी या किनाऱ्यावर बऱ्याच कासविणी यायच्या. यंदा एकच आली. तिने वाळूत खड्डा केला, शंभरेक अंडी घातली, आणि मागे वळूनही न बघता समुद्रात निघून गेली. केंद्राच्या माणसांनी ती अंडी जपून कुंपणात आणली, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवली आणि वर बांबूची टोपली पालथी घातली. या मोसमाचं जे काही होतं, ते त्या एका टोपलीखाली होतं.

अडचण उन्हाची होती. आबांच्या, म्हणजे शाल्मलीच्या आजोबांच्या लहानपणी एप्रिलची वाळू अनवाणी पायांना चटके द्यायची. आता ती चपलेतूनही देते. अंड्यांभोवतीची वाळू पस्तीस अंशांना पोचली की आतली पिल्लं जगत नाहीत. म्हणून आबांनी ही डबी केली होती. वाळू तापली की आपोआप पंप सुरू व्हावा आणि टोपलीभोवती पाणी शिंपडलं जावं, एवढंच तिचं काम.

दोघी कुंपणाशी गेल्या. तिथे कुर्ली पहाऱ्यावर होती. ती म्हणजे खेकड्यासारखा, सहा पायांचा, परातीएवढा यंत्रमानव. रात्री कुत्री हाकलायची आणि अंड्यांजवळचं तापमान मोजायचं, ही तिची नोकरी.

"कुर्ली, किती?" कृतिकाने विचारलं.

"अंड्यांजवळ एकतीस पूर्णांक आठ. काल याच वेळी एकतीस पूर्णांक दोन. पंप चालू."

"आणि काल दुपारी पंप?"

"बंद."

"आधी सांगायचं नाहीस का गं?" शाल्मली म्हणाली.

"विचारलं नव्हतं."

कृतिकाने मनातल्या मनात हिशेब केला. रोज अर्ध्या अंशाहून जास्त. पस्तीस व्हायला आठवडा लागला तरी खूप.

आबा दात घासत घासतच आले. बंदरावरच्या बर्फ कारखान्यात ते इंजिनियर होते. निवृत्त झाल्यापासून गावातल्या निम्म्या घरांना त्यांनी कोंबडीच्या पिल्लांसाठी उबेच्या पेट्या करून दिल्या होत्या.

"आबा, तुमचा पंप येडा झालाय," शाल्मलीने सांगितलं.

"पंप येडा होत नाही. त्याला सांगणारा होतो," आबा म्हणाले. त्यांनी चूळ भरली, वाकून चार बोटं खोल वाळूतून एक वायर ओढली आणि तिचं टोक शाल्मलीला दाखवलं. मिरीच्या दाण्याएवढा काळा मणी.

"हा थर्मिस्टर. वरची वाळू आधी तापते, म्हणून याला वर पुरलाय. ऊन अंड्यांपर्यंत उतरायच्या आत कळावं म्हणून. यातून वीज जाते, पण अडखळत. त्या अडखळण्याला म्हणायचं रोध (विजेच्या वाटेतला अडथळा). हा गार असला की रोध जास्त, तापला की कमी."

"का पण?"

"आत वीज वाहून नेणारे कण असतात. गारठ्यात बरेचसे आपापल्या जागी चिकटून बसतात. ऊब मिळाली की सुटतात. जेवढे हमाल मोकळे, तेवढा माल पुढे जातो."

"तुझ्यासारखेच आहेत," कृतिका म्हणाली. "डिसेंबरात अंथरुणाला चिकटून बसणारे."

शाल्मलीने तिकडे लक्ष दिलं नाही. "मग डबीला हा रोध कळतो?"

"नाही ना. डबीला कळतं ते व्होल्टेज (विजेचा दाब). म्हणून थर्मिस्टरला एक जोडीदार दिलाय, साधा रोधक. त्याचा रोध ऊन असो की थंडी, तेवढाच. दोघांना एका तारेत बसवलं, एक वर, एक खाली. दोघांत मिळून दिले पाच व्होल्ट. वाटणी कशी होईल?"

"निम्मी निम्मी."

"दोघांचा रोध सारखा असेल तर. नाहीतर ज्याचा रोध मोठा, त्याचा वाटा मोठा."

"म्हणजे जो जास्त अडून बसेल त्याला जास्त मिळणार? हे काय आबा, आपल्या हट्टी दादालाच मिळणार मग सगळं."

"विजेच्या घरी तसंच चालतं. आता, खालच्याला किती वाटा मिळाला, तेवढंच एक चिप बघते. तिचं नाव कम्पॅरेटर (दोन दाबांची तुलना करणारी चिप). डबीवरच्या बटणाने मी तिला एक हद्द घालून दिलीय. खालच्याचा वाटा हद्दीच्या वर गेला की ती रिलेला (विजेवर चालणारा खटका) सांगते. खटका पडला, टक्, पंप सुरू."

शाल्मलीने तो मणी मुठीत धरला. थोड्या वेळाने पंप बंद पडला.

तिने मूठ उघडून मणी शिंपडलेल्या पाण्याच्या थारोळ्यात बुडवला. पंप पुन्हा घरघरू लागला.

"आबा, माझी मूठ गरम आहे ना?"

"भट्टी आहे."

"मग बंद का झाला?"

आबांनी मणी पाण्यातून काढून परत वाळूत पुरला. मग म्हणाले, "मी तपासलं होतं गं. बर्फाचा खडा लावला, टक् झालं, माझं समाधान झालं."

"बर्फ का लावलात?"

"पेटीला लावतोच की. पेटीत गार झालं की टक् व्हायला लागतं, दिवा लागायला..." आबांचं वाक्य तिथेच राहिलं.

"आबा," कृतिका हळूच म्हणाली, "ही कोंबडी नाहीये."

शाल्मली तोवर काटकीने ओल्या वाळूत दोन चौकोन काढून बसली होती, एकाखाली एक. "तुम्ही तारेत थर्मिस्टर खाली ठेवलाय?"

"खाली. पेट्यांमध्ये इतकी वर्षं तिथेच ठेवतोय."

"म्हणजे हा गारठला की रोध वाढणार, याचा वाटा वाढणार, टक्. तापला की वाटा कमी, पंप बंद." तिने दोन्ही चौकोन पुसले आणि नावं उलटी करून पुन्हा काढले. "याला वर बसवा. मग तापला की हा वाटा सोडेल, तो खालच्याला मिळेल, आणि टक्."

आबांनी वाकून ते चौकोन नीट बघितले. पायाने पुसले जाऊ नयेत म्हणून वळसा घालून घरात गेले.

दोन तारा सोडवून त्यांची अदलाबदल करायला चहा गार होण्याइतकाच वेळ लागला. आबांनी आणखी एक काम केलं. पंप एका तापमानाला सुरू व्हावा आणि त्याहून दीड अंश खाली गेल्यावरच बंद व्हावा, अशी मध्ये मोकळीक ठेवली. "नाहीतर हद्दीवर आला की खटका टकटक, टकटक करत बसेल, आणि तुझी आई मला डबीसकट बाहेर काढेल."

दुपारी बाराच्या उन्हात तिघंही स्वयंपाकघरात होती. कुणी काही कामाचं करत नव्हतं. आमटी उकळून उतू गेली.

टक्.

दुसऱ्या दिवशी कुर्ली म्हणाली, एकतीस पूर्णांक सहा. मग एकतीस पूर्णांक एक. मग एकतीस.

"आता बटण नीट लावायचं," कृतिका म्हणाली. "खाली अंड्यांजवळ एकोणतीस-तीस राहील असं. आणि तूच लाव."

शाल्मलीने बटणावर बोटं ठेवली. "तेवढंच का?"

"कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, ते वाळूच्या तापमानावर ठरतं. आणि हे ठरायचे दिवस आता सुरू झालेत. गार वाळूत बहुतेक नर होतात, गरम वाळूत बहुतेक माद्या. एकोणतीस-तीसच्या आसपास दोन्ही."

"आणि एकतीसच्या वर असतं तर सगळ्या मुलीच?"

"जवळजवळ."

"चांगलंय की."

"चांगलंय," आबा म्हणाले, "पण मोठ्या झाल्यावर त्यांना नवरे कुठून आणायचे, बर्फ कारखान्यातून?"

शाल्मली हसली. तिने बटण जरासं फिरवलं. मे उजाडला की टोपली उचलायची होती; पिल्लं ओल्या वाळूवरून सरपटत लाटेत शिरतील, आणि त्यांतल्या काही माद्या मोठ्या होऊन अंडी घालायला याच किनाऱ्याला परत येतील. तोपर्यंत कदाचित उन्हालाही कुणी बटण लावलं असेल.

तिची बोटं बटणावरच थांबली.

"आई, पण वाळू त्यांच्या आईने निवडली होती ना? तिला किती मुलगे आणि किती मुली हव्या होत्या, ते तुला कुणी सांगितलं?"